गाढवाच्या पोटातली ज्वारी

माझ्या नवऱ्याला वाटतं, हिचं सगळं मला ठाऊक आहे. वाटू दे. ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. माझ्या बहिणीला नाही, शाळेतल्या कुणाला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी या गोष्टीपाशी आले की, वाटेत शेण पडलेलं असावं तशी, साडी उचलून पुढं जाते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का? विचारू नका, मलाच नीट सांगता येणार नाही. आणि सरळ मुद्द्यावर येणंही मला जमणार नाही. फिरत फिरत येईन. तेवढं सोसा.

आधी मी कोण ते सांगते. गेवराईकडच्या एका गावात, गोदावरीच्या काठाला, मी शाळेत मराठी शिकवते. तोंडाची फटकळ आहे, ते मला मान्य आहे. पोरं मला टरकून असतात. गावात माझी दोन गोष्टींसाठी ख्याती — एक माझा आवाज, तो म्हणे नदीपलीकडं ऐकू जातो, आणि दुसरी म्हणजे मला खोटं खपत नाही. ‘चूक करा, पण कबूल करा’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की पोरं माझ्या पाठीमागं माझी नक्कल करतात तेव्हा हेच म्हणतात. दारातून ऐकलंय मी. तेव्हा हसायची. आता वर्गात शिरायच्या आधी जरा खाकरते, म्हणजे ऐकायला लागू नये.

तर त्या वर्षी शाळांसाठी एक स्पर्धा आली होती. मुलांचा छोटा संघ करायचा, ते एक विषय देणार, आणि मुलांनी स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या हातानं काहीतरी उभं करायचं. विषय होता — कळसूत्री बाहुली करा, आणि एक शब्दही न बोलता तिच्याकडून ‘नाही’ म्हणवून दाखवा. नियम बरेच होते, पण जीव एकाच नियमात होता. मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये. आईबापाचा नाही, शिक्षकाचा तर नाहीच. टाका घालायचा तर मुलांनी, खिळा ठोकायचा तर मुलांनी. शिक्षकानं नुसतं सोबत राहायचं. हा नियम मी फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. मीच ओढल्या.

संघात तरन्नुम होती. नववीतली. तिचे अब्बा गेवराईच्या स्टँडवर फळांचा गाडा लावायचे, आणि आई घरी गोधड्या आणि दुलया शिवायची — गावात कुणाकडं लग्न ठरलं की जुनी लुगडी घेऊन बाया तिच्याच दारात. तरन्नुम बोलायला कमी. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. पण हातात एखादी मोडकी छत्री द्या, सायकलची ट्यूब द्या, पोरीला मग तहानभूक नाही. मला ती मनापासून आवडायची. हे मुद्दाम सांगते. रागातून घडलं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

गाढवाची कल्पना तिचीच. आमच्याकडं नदीतून वाळू काढतात. त्यातली खरी किती आणि चोरीची किती, त्यात मी पडत नाही. ती वाळू गाढवांवर लादून वर आणतात, हे मात्र सगळं गाव रोज बघतं. बाकीची पोरं म्हणत होती राजा करू, राक्षस करू. तरन्नुम हळूच म्हणाली, “मॅडम, गाढव करू. वाळू वाहता वाहता एक दिवस खाली बसतंय, आन् उठतच न्हाई.”  ओंकार म्हणून एक वात्रट पोरगा संघात होता, त्यानं तिथल्या तिथं गाढवाचं नाव ठेवलं, साहेब. का रे, म्हटलं, तर म्हणतो, एकदा बसले की उठत न्हाईत ते साहेबच असतेत. मी त्याला ओरडले आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन हसले.

पोरांनी काय कष्ट घेतले म्हणून सांगू. नदीवर जाऊन गाढवं कशी बसतात ते बघत बसायची. वाळूवाल्यांनी एकदा हाकलून लावलं — त्यांना वाटलं कुणीतरी फोटो काढायला पाठवलंय. छत्रीच्या काड्यांचे पाय झाले, गुडघ्यांना ट्यूबची रबरं, वरून पोत्याचं कातडं. कातड्याच्या आत पोट म्हणून एक कापडी पिशवी, कापूस आणि चिंध्या भरलेली. ती पिशवी तरन्नुमनं शिवली. तिच्या आईला सुई-दोऱ्याचं सगळं येत होतं, एका दुपारात झालं असतं. पण पोरीनं फळ्यावरचा नियम असा धरला होता की बास. आई मला बाजारात भेटली तर हसत म्हणाली, “मॅडम, काय जादू केली हो पोरीवर? मला दोरा बी ओवू देईना. म्हणती, अम्मी, तू लांब बस.” हे तिनं मला स्पर्धेच्या आधी सांगितलं होतं. ध्यानात ठेवा. मला ते माहीत होतं.

आणि गाढव बसायचं कसं — काय सांगू तुम्हाला. दोऱ्या तरन्नुमच्या हातात. आधी पुढचे गुडघे मोडायचे. मग ते जरा तसंच थांबायचं, विचार केल्यासारखं. मग मागचं धूड खाली यायचं आणि शेवटी मान. ओंकार मालक झाला होता. तो ओढायचा, ढकलायचा, पाया पडायचा. गाढव ढिम्म. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मी काही अशी रडूबाई नाही.

आता माझी बाजू. नाही, बाजू नको म्हणायला. माझी परिस्थिती. तेव्हा मी शाळेत कायम नव्हते. खासगी संस्था, अध्यक्षांच्या मनात आलं तर कायम, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी बाई. अध्यक्ष म्हणाले होते, “जिल्ह्यात नाव काढा मॅडम, मग बघू.” हे ‘मग बघू’ ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. रात्री झोपेत पण ऐकू येतं ते. पण असं ‘मग बघू’ ऐकलेल्या बाया आमच्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांनी माझ्यासारखं केलं नाही.

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी अध्यक्ष गाढव बघायला आले. सोबत त्यांची माणसं. गाढव बसलं — आणि बसता बसता पोटाची शिवण उसवली. पोत्यातून चिंध्या लोंबायला लागल्या. अध्यक्ष पोट धरून हसले. म्हणाले, “मॅडम, तुमचं गाढव बाळंत झालं की हो.” मग सगळी माणसं हसली. मुख्याध्यापक हसले. पोरं खाली मान घालून उभी. तरन्नुमनं तिथंच पोत्याची शिवण मोठमोठ्या टाक्यांनी बंद केली, पण आतली पिशवी ढिली पडली ती पडलीच. गाढव बसलं की पोट एका बाजूला कलायचं.

मी म्हटलं, ठेवा इथं, कपाटात कुलूप लावते. सोमवारी बघू.

सोमवारी बघितलं असतं तर मुलांनी केलं असतं. वेळ होता. मी तेवढी वाट बघितली नाही.

रविवारी नवरा माजलगावला लग्नाला गेला होता. मी शाळेतून गाढव घरी आणलं, चादरीत गुंडाळून. दार लावून घेतलं. आता एक सांगते, ते शाळेत आजही कुणाला माहीत नाही. मला गोधडी शिवता येते. नुसती येत नाही, चांगली येते. आमचं माहेर शेतीवाडीचं, वडिलांना गावात मान, पण आई उन्हाळ्यात दुपारभर ओसरीवर गोधडी पसरून बसायची आणि मी तिच्या समोर. बीडला शिकायला गेले, मॅडम झाले, आणि मग सुईचं नावच टाकलं. शाळेत कुणाचं बटण तुटलं तर मी म्हणायची, मला नाही बाई येत असलं. गावंढळ वाटायचं मला ते. हातात खडू असलेल्या बाईच्या हातात दाभण कशाला, असली काहीतरी मूर्ख ऐट.

त्या दुपारी मात्र किती वर्षांनी सुई धरली आणि हात थांबेना. पोत्याची शिवण उसवली, तरन्नुमची पिशवी बाहेर काढली, कापूस पिंजला, सारखा पसरला, आणि पिशवी नव्यानं शिवली. बारीक धावदोरा, रांगेला रांग. आमच्या घरात एक रीत होती. गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात ज्वारीचे चार दाणे घालून मग टाका मारायचा. आई म्हणायची, उपाशी गोधडीत झोप लागत नाही, आधी तिचं पोट भरा. आजूबाजूच्या काही घरांतही बाया असंच करायच्या.

हात सवयीनं गेला असं म्हणणं सोपं आहे. कितीदा मनाशी म्हटलंय ते मी. पण तुम्हाला खोटं सांगायचं तर मग सांगायचंच कशाला? मला लख्ख आठवतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, डब्यातून चिमूटभर ज्वारी घेतली, आणि कोपऱ्यात भरली. आणि मला फार बरं वाटलं. मग वरचं पोतं तरन्नुमच्या टाक्यांसारखेच वेडेवाकडे मोठे टाके घालून बंद केलं. तिच्या हाताची नक्कल केली. म्हणजे मी काय करते आहे हे मला पक्कं कळत होतं.

सोमवारी पोरांनी गाढव बसवून बघितलं. पोट जागच्या जागी. तरन्नुम मला म्हणाली, “मॅडम, साहेबाचं पोट कसं काय टाईट झालं?” मी म्हटलं, कापूस बसला असेल आपोआप. तिनं मान हलवली. मॅडम म्हणतात म्हणजे तसंच असणार. पोतं उसवून आत बघावं असं तिला वाटलं नाही, आणि मलाही वाटलं, झालं, संपलं. त्यानंतर गाढव तरन्नुमच्या घरी गेलं. स्पर्धेसाठी बीडला जायची जीप पहाटे तिच्या घराजवळूनच निघणार होती, म्हणून आदल्या दिवशी पोरांनी ते तिथं नेऊन ठेवलं. एक रात्र ते तिच्या घरात होतं, तिच्या आईच्या गोधड्यांच्या ढिगाशेजारी. पुढं जे झालं ते त्या एका रात्रीमुळं खरं वाटलं सगळ्यांना.

बीडला गाढव असं बसलं की सभागृहात कुणी खोकलं नाही. नंतर टाळ्या पडल्या त्या थांबेनात. मी मागं शिक्षकांच्या रांगेत उभी, माझ्या डोळ्यात पाणी. मला वाटलं, कायम झाले मी.

मग दोन परीक्षक टेबलाशी आले, एक बाई आणि एक गृहस्थ. ते प्रत्येक संघाला विचारत होते, हे कसं केलं, आत काय आहे. परीक्षक बाई वयस्कर, गोड बोलणाऱ्या. तरन्नुमला म्हणाल्या, बाळा, आत काय आहे दाखवशील? तरन्नुमला केवढा आनंद. बोलायला कमी असलेली ती पोरगी भडाभडा बोलायला लागली, काड्या दाखवल्या, रबरं दाखवली, आणि स्वतःच ब्लेड घेऊन पोत्याची शिवण कापली — हे बघा, पोटाची पिशवी मी शिवलीय. आणि थांबली. पिशवीवर हात फिरवला. मान वर न करता म्हणाली, “ही माझी शिलाई न्हाई.”

तिनंच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसली असती तर परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले असते. पण तिच्या शाळेत एक बाई होती ना, चूक करा पण कबूल करा म्हणणारी.

परीक्षक बाईंनी पिशवी चाचपली. कोपऱ्यात काहीतरी टोचलं त्यांना. तिथला टाका उसवला तर टेबलावर ज्वारी सांडली. दुसरे परीक्षक आपल्याच भागातले होते, ते बघून म्हणाले, अहो, हे तर गोधड्या शिवणाऱ्या बाया करतात. मोठ्या बाईचं काम आहे हे. मग त्यांनी तरन्नुमला विचारलं, तुझ्या घरी कोण शिवतं? तरन्नुमनं माझ्याकडं बघितलं. आरोप म्हणून नाही. आधार म्हणून बघितलं. आणि त्या दोघांनीही मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, “तिची आई गोधड्या शिवते. सगळ्या गावाच्या.”

बस. एवढंच बोलले. ह्यात एक अक्षर खोटं नाही, बघा. अजून कुणाला विचारलंत तरी तेच सांगेल. त्या सभागृहात मी खरंच बोलले, आणि त्या खऱ्यानं एका बाईचं तोंड कायमचं काळं केलं.

परीक्षक आपसात बोलले. मग परीक्षक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काम फार चांगलं आहे, मुलांचं मन मोडायचं नाही आम्हाला. मुलीनं घरची मदत घेतली हे ती स्वतः मान्य करत असेल तर तिला संघातून वगळू, थोडे गुण कापू, बाकीच्यांना पुढं जाऊ देऊ. नाहीतर सगळा संघच बाद करावा लागेल. मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी.

आता तुम्हाला कळलं असेल मी कशाभोवती फिरत होते. पोट शिवलं, ते नव्हे. ते कुणीही करेल, कितीतरी शिक्षक करतात. परीक्षकांसमोर गप्प बसले, तेही घाबरटपणा म्हणून सोडून देता आलं असतं कदाचित. पण मी त्या पोरीला सभागृहाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं. आणि तिथं जे केलं ते घाबरून केलं नाही. अगदी शांत डोक्यानं केलं.

ती म्हणाली, “मॅडम, अम्मीनं हात लावला न्हाई. आमच्यात जवारी न्हाई टाकत. अम्मी कधीच न्हाई टाकत. मी लहानपणापासून बघतीय.” पोरगी अगदी बरोबर बोलत होती. तिच्या आईच्या गोधडीत दाणा कधी गेला नाही, ते माझ्या आईच्या घरचं होतं. एवढं एक वाक्य जाऊन परीक्षकांना सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात विचारलं, “मग कुणी केलं, तरन्नुम?”

मी विचारलं. तिला.

ती विचार करायला लागली. तिच्या तोंडावर मला दिसत होतं सगळं. मी केलं नाही. ओंकारनं नाही, त्याला सुई धरता येत नाही. गाढव मॅडमच्या कुलपात होतं, आणि मॅडम तर — मॅडमचा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नाही. मग ते माझ्या घरी होतं. रात्रभर. मी झोपले होते. अम्मी जागी होती. हे असं एक एक तिच्या डोळ्यांत उतरताना मी बघत होते, आणि मी तिला थांबवलं नाही. उलट म्हटलं, “आईनं प्रेमापोटीच केलं असेल गं. तू हो म्हण, म्हणजे बाकीच्या पोरांचं नुकसान नाही होणार. खरं बोलायला लाजायचं नसतं.”

ती आत गेली आणि हो म्हणाली. परीक्षक बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, खरं बोललीस, शाबास.

जीपमध्ये येताना ती सगळ्यात मागं बसली. बाकीची पोरं तिच्याशी बोलली नाहीत. गावात गोष्ट पोचायला किती वेळ? शाळेत तिला लबाड म्हणायला लागले. स्टाफरूममध्ये कुणीतरी, “ह्या लोकांचं असंच असतं,” असंही म्हणालं, आणि मी वह्या तपासत होते त्या तपासत राहिले. तिचे अब्बा मला स्टँडवर भेटले, तर मलाच म्हणाले, जाऊ द्या मॅडम, पोरगी हाय, तुमच्या शाळेचं नाव खराब झालं, मनावर घेऊ नका. आणि एक टरबूज हातात दिलं. मी ते घेतलं. घरी नेऊन कापलं, खाल्लंही.

तिची आई शाळेत आली होती. एकटीच, डोक्यावर पदर घेऊन. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, म्या हात लावला न्हाई हो. अल्लाची शपथ. पोरगी माझ्याशी बोलंना झालीय. तुमचं ऐकती ती. तुमी तिला सांगा ना.” तिच्या बोटांना सुईचे घट्टे होते. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, झालं गेलं, विसरून जा, पोरगी शहाणी आहे, बोलेल. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं असेल का? नाही. माझ्यासारख्या बाईच्या हातात सुई असेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. पाणी पिऊन ती गेली.

पुढच्या फेरीत गाढव ओंकारनं बसवलं. त्याला जमलं नाही, दोऱ्या गुंतल्या, गाढव तोंडावर पडलं. रिकाम्या हातानं परत आलो. तरी अध्यक्ष खूश, जिल्ह्यात नाव निघालं म्हणून. मी कायम झाले. पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी गाढव भंगारात दिलं, मी विचारलंही नाही.

तरन्नुमनं दहावी केली. मागच्या बाकावर बसून केली. शाळेत असेपर्यंत परत कधी हातानं काही करायला घेतलं नाही तिनं. कार्यानुभवाच्या तासालासुद्धा नुसती बसून राहायची, आणि मी तिला कधी हटकलं नाही. बाकीच्यांना वाटायचं मॅडम तिला सांभाळून घेतात. तिलाही तसंच वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी अंबाजोगाईला दवाखान्यात गेले होते. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रांगेतून खिडकीशी पोचले तर रक्त घ्यायला तरन्नुम. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. मॅडम, म्हणाली, आणि उठून उभी राहिली. लग्न झालंय, एक मुलगा आहे. तिनं माझं रक्त घेतलं तेव्हा मला सुई टोचलेली कळली नाही, इतका हात हलका. काम संपल्यावर चहाला घेऊन गेली मला. बाहेरच्या टपरीवर बाकड्यावर बसलो.

तिची आई गेली होती. आम्ही भेटलो त्याच वर्षी, रमजानच्या आधी. मी म्हटलं, अरेरे. खरंच वाईट वाटलं, पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती ती पण सांगते — माझा जीव थोडा हलका झाला. आता विचारायला कुणी येणार नाही, असं वाटलं मला. असं वाटलं.

मग तरन्नुम बोलायला लागली. म्हणाली, मॅडम, त्या गाढवापायी माझं आन् अम्मीचं कधीच नीट जमलं न्हाई बघा. ती म्हणायची, मी न्हाई केलं. मी म्हणायची, मग कुणी केलं?  लग्नात माझ्यासाठी दुलई शिवली तिनं, मी सासरी नेलीच न्हाई. शेवटी आजारी पडली तेव्हा पण एकदा म्हणाली, बेटा, मी सुईला हात लावला नव्हता. मी म्हटलं, अम्मी, आता तरी खरं बोल. त्यावर ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मग त्या गोष्टीवर बोललीच न्हाई.

मी चहाचा कप धरून बसले होते. समोर माणसं येत होती जात होती. एक वाक्य होतं माझ्याकडं. लहान वाक्य. ‘ते मी केलं होतं.’ व्याकरणाच्या तासाला मुलांना देते त्यापेक्षाही सोपं. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगते, उघडलं होतं.

आणि ती म्हणाली, “तुमचे लई उपकार हायेत मॅडम. सगळे मला लबाड म्हणत होते तवा तुमी एकट्याच माझ्या बाजूनं होतात. त्या टाकीपाशी तुमी म्हणालात ना, आईनं प्रेमापोटी केलं असंल म्हणून. ते मला आत्ता आत्ता पटलं. ती गेल्यावर.” तिचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं. म्हणाली, “मी माफ केलं अम्मीला, मॅडम.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “बरं केलंस, बाळा.”